नाल्यापलीकडचे दगड

आमच्या गावाची हद्द मी चुकीची काढली होती.

ती सुधारणारे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ, गेल्या आठवड्यात गेले.

एटापल्लीच्या जंगलातलं आमचं तीस घरांचं गाव. मी नोकरीला ऊर्जानगरला, फोन बरा, म्हणून वनहक्काच्या दाव्याचा नकाशा माझ्या गळ्यात पडला. सॅटेलाइटवर नाला दिसला, त्याच्यावरून बोट फिरवलं, झाली हद्द. वर मोठ्या ऐटीत त्यांना दाखवायला गेलो.

त्यांनी स्क्रीन बराच वेळ पाहिली.

"यात आपले बुढे कुठी हायेत?"

"ते बुढ्यांचे दगड पलीकडं राह्यले. नाला हद्द हाये ना?"

"नाला सरकला बाबू. गाव पह्यले तिकडंच होतं."

पडताळणीला साहेब आले. पलीकडे गाव होतं याचा काही कागद आहे का, त्यांनी विचारलं.

"कागद नाई सायेब. चाला."

ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघाभर पाण्यातून काठी टेकत पुढे. आम्ही बूट हातात घेऊन मागे.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. ऐनाच्या झाडांखालची ती रांग मी लहानपणापासून बघतोय. बघतोय म्हणजे काय, मोह वेचायला शेजारून जायचो, एवढंच.

मोठेबाबा एकेका दगडावर तळहात ठेवत चालले.

"हा माहा बाप. हा त्याचा बाप. ही त्याची माय, नाला फिरला तवा हिनंच गाव इकडं आणलं."

नऊ दगड, नऊ नावं. मला आजोबांच्या मागचं एकही माहीत नव्हतं.

दहावा अर्धा मातीत गेलेला. तिथे ते थांबले.

"याचं नाव मले नाई माहीत सायेब."

नुसता हात ठेवून उभे राहिले. एखादं नाव ठोकून दिलं असतं तर कोणाला कळणार होतं?

साहेबांनी तेही लिहून घेतलं. म्हणाले, "हद्द या दगडांच्या पलीकडून धरा."

दावा मंजूर झाला. आमचे बुढे गावात राहिले.

आज त्याच रांगेत मोठेबाबांचा दगड उभा केला.

मग हात ठेवत, नावं घेत मी निघालो. सहाव्याला अडकलो. त्यांच्या लेकीने मागून नाव सांगितलं, तसा पुढे गेलो.

शेवटच्या बिननावाच्या दगडावर नुसता हात ठेवला. तुमच्यासारखाच.

सेवा जोहार, मोठेबाबा. सहावं नाव आता पाठ आहे.