नळीतलं उरलेलं पाणी

२००७च्या हिवाळ्यात आम्ही अमेरिकेत, नोव्हाय शहरापासून तासाभरावर, शेतांच्या मधे भाड्यानं राहत होतो. नवरा प्रोजेक्टसाठी दुसऱ्या स्टेटमध्ये. घरात मी आणि सहा महिन्यांसाठी आलेली आई. शेजारच्या म्हाताऱ्या बाई ऑपरेशनला गेल्या आणि जाताना त्यांची घोडी माझ्यावर सोपवून गेल्या. मी लगेच हो म्हटलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी, शिकून इंजिनियर झाले. जनावराला पाणी पाजायला मी कशाला घाबरू?

बाईंनी बजावलं होतं, पाणी भरून झालं की रबरी नळी नळापासून सोडवायची आणि खांद्यावरून पुढे सरकवत शेवटपर्यंत चालत जायचं, म्हणजे आतलं सगळं पाणी गळून जातं, नाहीतर ते थंडीत गोठतं. मी ते रोज करत होते. एका संध्याकाळी ऑफिसात अडकले, तेव्हा ते काम आईवर पडलं. घरी आल्यावर विचारलं,

"नळी रिकामी केलीस ना?"

"रिकामी कशाला? नळालाच लावून ठेवलीय, दोन्ही तोंडं घट्ट बंद करून. एक थेंब सांडला नाही."

आईचा जन्म टँकरच्या मागे पळण्यात गेलेला. चांगलं पाणी मातीत ओतायला तिचा हात धजणारच नव्हता. मी धावत बाहेर गेले, पण नळी तोवर लोखंडाच्या कांबीसारखी ताठ झाली होती. त्या रात्री थंडी नेहमीपेक्षा कडाडली. सकाळी पाहिलं तर भिंतीतला नळही तडकलेला आणि घोडीच्या टाकीतल्या पाण्याचा दगड झालेला.

घोडी मान खाली घालून उभी होती. चारा तसाच पडलेला. मधेच वळून ती स्वतःच्या कुशीकडे बघायची. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "सुकं गवत खाऊन पाणी प्यायली नसेल तर आतडं तुंबेल. रस्ते बर्फानं बंद आहेत, मला वेळ लागेल. कोमट पाणी पाजत राहा. कुशीला कान लावून ऐका. काहीच आवाज आला नाही तर परत फोन करा."

मी कान लावला. काहीच नाही. परत फोन केला तर तो लागेना.

किचनमधून बादल्या वाहायला लागले. तबेल्यापर्यंत निम्मं पाणी बुटांवर सांडायचं, सांडलं की तिथेच बर्फ व्हायचा, आणि पुढच्या खेपेला मी त्याच बर्फावर घसरायचे. घोडी बादलीला नाक लावायची आणि तोंड फिरवायची.

"पी गं बये," आई तिच्या मानेवर हात फिरवत म्हणाली. "पी की. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ."

"तिला काय कळतंय, आई!" मी ओरडले.

"मग तू तरी ओरडू नको. पाणी आण."

तेवढ्यात बाईंचा हॉस्पिटलमधून फोन आला. मी तो तसाच वाजू दिला. काय सांगणार होते? आईनं मूठभर मीठ मागितलं. बादलीत कालवलं, ओला हात घोडीच्या ओठांवर फिरवला, पुन्हा फिरवला. घोडीनं हात चाटला. मग बादलीत तोंड घातलं. तिच्या गळ्यातून एकेक घोट खाली उतरताना दिसत होता, आणि आम्ही दोघी बादली धरून नुसत्या उभ्या होतो.

किती खेपा झाल्या कुणास ठाऊक. दुपारी मी पुन्हा कुशीला कान टेकवला. आत कुठेतरी खोल, बारीकशी गुरगुर झाली.

"वाजतंय," मी म्हटलं.

आईचा विश्वास बसेना. "सरक," म्हणाली, आणि पदर बाजूला करून तिनं स्वतःचा कान लावला.