मालकाला लागली की न्यावी

आमच्या विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीत वस्तू टिकत नाहीत, किस्से मात्र साठत जातात. मी तिथला सहायक. इतकी वर्षं झाली, पण आमच्या संचालक शेंडे मॅडम गंमत करतात की मनापासून बोलतात, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा!

*

मॅडम नागभीडच्या. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, मग शाळेत चित्रकला शिकवली, मग इथे आल्या. मुलाखतीत समितीनं विचारलं, "गॅलरीत काय ठेवाल?"

"लोकं जे वापरून राह्यले, ते."

"आणि त्यांनाच ते लागलं तर?"

"तर नेतील ना!"

समितीला वाटलं, बाई विनोदी आहेत. नेमणूक झाली. रुजू झाल्या त्याच दिवशी मॅडमनी स्वतःच्या हातानं दारावर पाटी रंगवली: "वस्तू मालकाची आहे. लागली की न्यावी." तेव्हा समितीचं हसू मावळलं.

*

पहिली वस्तू आली ती मासे धरायचा बांबूचा सापळा. मधल्या स्टुलावर, वरून दिवा वगैरे! नदीला पाणी चढलं आणि मालक दारात हजर.

"मॅडम, मासे येऊन राह्यले. न्यावं लागते."

मॅडमनी एवढंच विचारलं, "कधी आणून देणार?" हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारतात. मग रिकाम्या स्टुलावर चिठ्ठी लावली: "मासे धरायला गेला आहे."

नागपूरचे एक समीक्षक त्या स्टुलासमोर बराच वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "अभाव फार सुंदर मांडलाय!"

मी म्हटलं, "सर, दिवाळीनंतर या. स्टूल भरलेलं असते."

त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की मलाच माझी शंका यायला लागली.

*

मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली आजीबाईंनी हातानं भरलेली गोधडी दिली होती. हिवाळ्यात त्या आल्या. "थंडी पडली बाबू, नातीन कुडकुडते. मेरी गोदडी दे दो."

गोधडी दिली. जाताना आजीबाईंनी पिशवीतून बाजारातलं वाघाचं ब्लँकेट काढलं. "जागा खाली बरी नाई दिसत!"

मॅडमनी ते तितक्याच आदरानं भिंतीवर टांगलं. एका पाहुण्यांनी विचारलं, "ही कुठली परंपरा?"

"शेजारधर्माची," मॅडम म्हणाल्या.

पाहुण्यांनी लिहून घेतलं. बरोबर लिहिलं की चूक, मला अजूनही सांगता येत नाही.

*

मग एका उन्हाळ्यात माझं हसणं बंद झालं. लग्नसराई. ढोल गेले, हंडे गेले, राहिला फक्त ब्लँकेटवरचा वाघ! नेमके तेव्हाच कुलसचिव साहेब डोकावले.

"इथी तर काहीच नाई! परीक्षा विभागाले जागा पाहिजे. हॉल खाली करा."

गॅलरी गेली की मॅडमचं पद गेलं, आणि माझंही. खरं सांगतो, मला झोप लागेना. मी हात जोडले, "मॅडम, थोडे दिवस तरी कोणाले काही देऊ नका!"

"शब्द दिला ना, भाऊ."

दुसऱ्याच दिवशी तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आमच्या हॉलमध्ये येऊन पडले. मी रडायच्या बेतात. मॅडमनी एक गठ्ठा उचलून मधल्या स्टुलावर ठेवला, दिवा नीट केला आणि चिठ्ठी लावली: "उत्तरपत्रिका. मालक: विद्यार्थी."

दारावरची पाटी तर होतीच.

दुपारी एक मुलगी आली. "सर, पाटी वाचली. माझा इतिहासाचा पेपर नेऊ का? मी नापास काऊन झाली, ते पाहाचं आहे."

तिच्या मागे पाहिलं तर रांग थेट कँटीनपर्यंत!

साहेब धापा टाकत आले. "हे काय लावलं मॅडम? उचला रे गठ्ठे! आत्ताच्या आत्ता वापस न्या!"

टेम्पो भरला. मॅडम टेम्पोपर्यंत पोचवायला गेल्या.

"कधी आणून देणार, सर?"

"आता कधीच नाई! ठेवा तुमचा हॉल तुमच्यापाशी!"

मॅडमचा चेहरा खरंच उतरला. इकडे मी आनंदानं मधलं स्टूल बाजूला करायला गेलो, तर मॅडमनी मला थांबवलं.

"राहू द्या भाऊ ते तिथीच. पहिल्यांदा सारेच ‘कधीच नाई’ म्हणतात."