मैनेच्या जटा

शैला गेल्याचं मला खेर्टनं कळवलं. खेर्ट तिचा नवरा, हॉलंडातल्या फ्रीसलंडच्या एका शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. इतक्या वर्षांत त्यानं मला आपणहून कधी फोन केला नव्हता. फोन शैला करायची, आणि तिचं बोलणं संपत आलं की मागून त्याचा एखादा शब्द ऐकू यायचा. त्या सकाळी मी फोन उचलला तेव्हा आधी ऐकू आलं ते कुत्र्यांचं भुंकणं. मैना आणि बंडू, दोघंही, जीव तोडून... आणि त्यांना कुणी गप्प करत नव्हतं. मग खेर्ट म्हणाला, "श्री, ती गेली." आम्ही दोघं बराच वेळ ते भुंकणं ऐकत राहिलो.

शैला आणि मी सांगलीच्या कॉलेजात एका वर्गात होतो. ती पुढे मातीचा अभ्यास करायला हॉलंडला आली. काही वर्षांनी मीही द हेगला एका ग्रंथालयात नोकरीला आलो आणि जवळच फोरबर्गला दोन खोल्यांत राहू लागलो. मराठी माणसांच्या गणपतीला, दिवाळीला मी कोपऱ्यात उभा असायचो. शैला मला हुडकून काढायची आणि म्हणायची, "काय रे पुस्तकी किड्या, इथं पण कपाटालाच टेकलास का?" खेर्टशी लग्न झाल्यावर त्या दोघांनी आल्मेरेच्या पलीकडे पोल्डरात, म्हणजे पाणी हटवून काढलेल्या जमिनीत, लहानसं शेत घेतलं. थोडी मेंढरं, सफरचंदाची काही झाडं, आणि भोवती सरळ रेघेत गेलेले पाण्याचे चर. ते शेत म्हणजे एके काळी पाण्याचा तळ होता. नांगरटीत अजून शिंपले वर यायचे. "ही जमीन माझ्याच वयाची आहे," ती पाहुण्यांना अभिमानानं सांगायची. "आम्ही दोघी अजून मुरायच्या आहोत."

कुत्री तिनं हंगेरीहून आणली. तिथल्या माळावर मातीचे नमुने गोळा करायला ती गेली होती. परतली ती मातीच्या पिशव्यांबरोबर दोन काळी पिल्लं घेऊन. मेंढरं वळणाऱ्या पुली जातीची ही भावंडं. खेर्टच्या मनात दुसरं, साध्या केसांचं कुत्रं होतं. तो कुरकुरला, पण नावं ठेवताना त्याचं काही चाललं नाही. मैना आणि बंडू. आसपासचे डच शेतकरी 'बाण्डू' म्हणत हाका मारायचे आणि बंडू तेवढ्यानंही खूश व्हायचा. चुकार मेंढीला हाकताना तो सरळ कळपाच्या पाठींवरून पळत जायचा, जणू नदीतले दगड ओलांडतोय. मैना तसलं काही करायची नाही. ती बाजूनं, वाकून, न बोलता जायची आणि मेंढी आपोआप वळायची. बंडूला मैना दिसेनाशी झाली की तो काम टाकून तिला शोधायचा. मैनेचंही तेच. शैला म्हणायची, "हे एकच कुत्रं आहे, दोन ठिकाणी भुंकणारं."

ही कुत्री वर्षाची झाली की त्यांचे केस आपोआप एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या दोऱ्या होतात. पुढे त्या दोऱ्या जमिनीपर्यंत लोंबतात, डोळ्यांवर पडदा येतो. विंचरायचं नसतं. पण तसंच सोडलं तरी चालत नाही, कारण मग सगळ्याचा मिळून एक नमदा होतो आणि तो कातडी ओढायला लागतो. म्हणून एकेक दोरी बोटांनी मुळापर्यंत वेगळी करावी लागते. हंगेरीतले मेंढपाळ, निदान खेर्टनं वाचलं होतं त्याप्रमाणे, मेंढरांबरोबर कुत्र्यांचीही लोकर उतरवून टाकतात. तो दर उन्हाळ्यात कात्री दाखवायचा. शैला दर उन्हाळ्यात नाही म्हणायची. मागच्या दाराजवळ एक छोटी खोली होती. तिथं हीटरसमोर बुटक्या खुर्चीवर बसून ती रविवारची सगळी दुपार दोऱ्या सोडवण्यात घालवायची. आंघोळ घातली की त्या जटा वाळायला दोन दोन दिवस लागायचे आणि सगळ्या घरात ओल्या लोकरीचा वास भरून राहायचा. मी समोर पुस्तक घेऊन बसायचो. आमची बरीचशी मैत्री अशी न बोलता झाली.

एका उन्हाळ्यात शैलाची आई मिरजेहून आली. काकूंनी दारात पाऊल टाकलं, मैना समोर आली, आणि काकूंनी चक्क हात जोडले. "अगं बाई... हिला तर जट आलीय! देवीनं तुझ्यामागं एवढ्या लांब धाडली बघ."

"आई, ते कुत्रं आहे. त्याची जातच तशी असते."

"असू दे जात. देवीला जात लागतीय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मैनेच्या कपाळावर हळदकुंकू होतं. बंडूनं ते चाटून स्वतःचंही तोंड लाल करून घेतलं. खेर्टला वाटलं कुत्री जखमी झाली, तो डॉक्टरला फोन करायला धावला. एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण काकूंना त्या कोरड्या जटा बघवेनात. लेक बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी सामानातली खोबरेल तेलाची बाटली काढली आणि दोन्ही कुत्र्यांना मांडीशी घेऊन, डोक्यापासून शेपटीपर्यंत, मनसोक्त तेल चोळलं. अशी सेवा त्या कुत्र्यांना जन्मात मिळाली नसेल. मग दोघंही तशीच गोठ्यात जाऊन गवतात लोळली. शैला परतली तेव्हा अंगणात कुत्री नव्हती, गवताच्या दोन चालत्या गंजी होत्या. ते तेल आठवडाभर धुऊनही निघालं नाही. "डोस्कं तरी शांत झालं की नाही त्यांचं?" काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या. खेर्टला मराठी कळत नव्हतं, पण हसू आवरत नव्हतं. "शेला," तो तिला असंच हाक मारायचा, "आता तरी कात्री आणू?"

शैला तेवढी हसली नाही. काकू परत गेल्यावर, गवताची काडी न् काडी वेचताना, तिनं मला कृष्णाआत्याबद्दल सांगितलं. तिच्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या डोक्यात तरुणपणीच जट आली. कापली तर कोप होईल म्हणून घरात कुणी कात्री लावू दिली नाही. सणाला जटेवर हळद वाहायची, एरवी तिच्याजवळ बसायचं नाही. त्या ओझ्यानं आत्याची मान वाकडी झाली होती. डोकं खाजायचं, दुखायचं, ती रडायची. "कापावी का ठेवावी यावर घरात भांडणं व्हायची," शैला म्हणाली, "पण तिच्या डोक्याला हात कुणी लावला नाही रे. मीसुद्धा नाही. लहान होते, भीती वाटायची." तिची बोटं मैनेच्या कानामागे थांबली होती... मग बोटं पुन्हा चालू लागली. त्यानंतर मी कात्रीची चेष्टा कधी केली नाही.

आजार कळला तो फार उशिरा. औषधांनी तिचे केस गेले. काकूंना तिनं ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. फोनवर बोलतानाही डोक्याला रुमाल बांधायची, जणू पलीकडून दिसणार आहे. मी शेवटचा भेटलो तेव्हा तिचा पलंग खाली, खिडकीपाशी आणला होता. मैनेनं पुढचे दोन्ही पाय गादीवर टेकले होते आणि शैलाची बोटं दोऱ्यांमध्ये होती. त्यांच्यात आता जोर नव्हता, ती नुसती फिरत होती. "मी गेले की खेर्ट यांना कापणार," ती म्हणाली. "कापू दे. त्याच्यानं नाही व्हायचं हे. पण श्री, दोघांना वेगळं करू नका. एवढं बघ." मी हो म्हणालो. त्या खोलीत दुसरं काय म्हणणार होतो?

ते आम्हाला जमलं नाही. हे लिहायला बसलो ते खरं तर एवढंच सांगण्यासाठी. खेर्ट दिवसभर दुसऱ्याच्या दूध डेअरीत कामाला जायचा, कारण त्या शेतावर कधीच पोट भरत नव्हतं. मेंढरं तिचीच होती. तिच्यामागे महिन्याभरात ती विकावी लागली. हाकायला काही उरलं नाही तसा बंडू बिथरला. सायकलवरून शाळेत जाणारी पोरं तो चराच्या कडेला गोळा करून ठेवायचा, आणि एक दिवस एका मुलीची पोटरी त्याच्या दातांत आली. कुत्रा इथून हलवा, असा गावातून निरोप आला. दोघांना एकत्र घेणारं कुणी मिळतं का, हे मी खूप शोधलं. सगळ्यांना एकच हवा होता, काम करणारा. मैना तोवर जेवेनाशी झाली होती. तिला मी फोरबर्गला घेऊन आलो. ती दारापाशी बसून राहिली आणि प्रत्येक ट्रामला उठून उभी राहिली. घरमालकीण भली बाई, पण कुत्रं ठेवू नका म्हणून तिनंही शेवटी हात जोडले. मी मैनेला परत नेलं त्याच आठवड्यात बंडू फेलुवेच्या माळावर एका मेंढपाळाकडे गेला.

मैनेच्या जटांचा एव्हाना नमदा झाला होता. मी आणि खेर्ट दोघंही बसलो, चुकत, ओढत. ती कण्हायची. शेवटी डॉक्टरनं तिला गुंगी देऊन सगळं उतरवलं. आतून निघालेली कुत्री केवढीशी होती... आणि ती पिल्लू होती त्यानंतर तिचे डोळे आम्ही पहिल्यांदा पाहिले. फिकट तपकिरी, म्हातारे.

खेर्टच्या मनात एक आशा होती. एका रविवारी आम्ही तिला गाडीत घालून माळावर नेलं. बंडू लांबून कळप घेऊन येत होता, तसाच पाठींवरून पळत. आम्हाला पाहून तो धावत आला, खेर्टच्या अंगावर उडाला. मग त्यानं मैनेकडे पाहिलं आणि गुरगुरला. ती त्याच्याकडे सरकली तसे त्यानं दात दाखवले. "दवाखान्याचा वास आहे अजून तिला," खेर्ट म्हणाला. "पुढच्या वेळी ओळखेल." मेंढपाळानं शीळ घातली. बंडू वळला आणि कळपाकडे निघून गेला. मैना तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती. पुढची वेळ आम्ही काही काढली नाही.

अजून मी रविवारी जातो. घर विकायची बोलणी चालू आहेत. पाऊस असला की मैना भिजून येते आणि आपणहून त्या मागच्या खोलीत, हीटरसमोर जाऊन उभी राहते. खेर्ट बुटक्या खुर्चीवर बसतो, टॉवेल घेतो. दोनदा पुसलं की ती कोरडी होते. मग तो टॉवेल घडी करून मांडीवर ठेवतो. मैना हलत नाही. ती तशीच उभी राहते, पाठ त्याच्याकडे करून, दुपार संपेपर्यंत.