गप्प बसलेली मॉम व्हर्लीन

व्हर्लीन हॅस्क्यू गप्प बसलीय, हे मिसिसिपीतल्या त्या कॉलेजगावात कुणाला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. नवरा गेल्यावर ती इथल्या एका सोरोरिटीच्या, म्हणजे मुलींच्या संघटनेच्या, पांढऱ्या खांबांच्या घरात गृहमाता म्हणून आली. तेव्हापासून घरभर तिचा आवाज आणि घरभर एकच हाक, "मॉम व्हर्लीन!" कुणाला ताप आला, कुणाच्या मित्राने तोंड फिरवलं, की मुली तिच्याच दाराशी. स्वतः ती कॉलेजची पायरी चढली नव्हती, पण दटावायला लागली की भल्याभल्यांची बोलती बंद.

यंदा तिची सख्खी नात मार्लो निवडीच्या आठवड्यात उतरली आणि म्हातारीची पंचाईत झाली. त्या आठवड्यात नव्या मुली सगळी घरं पाहतात, घरं त्यांना पाहतात, आणि शेवटी दोन्हीकडची पसंती जुळवून मुलीला घर मिळतं. ठरल्या भेटींपलीकडे घरातल्या कुणी त्यांच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, हा सोरोरिटींवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा दंडक. त्या मंडळाच्या डोक्यावर आणखी एक राष्ट्रीय मंडळ. देवाच्या दरबारातही एवढे वरिष्ठ नसतील. झालं, आजी-नातीच्या रविवारच्या फोनवरच्या गप्पाही बंद.

"मॉम, खुणासुद्धा करायच्या नाहीत हं," घराची अध्यक्ष लेटन म्हणाली. "तक्रार गेली तर आपण सगळ्याच गोत्यात येऊ."

"मी काय वाहतूक पोलीस आहे, खुणा करायला?" व्हर्लीन म्हणाली. पण आतून तिला दम निघत नव्हता. नात आपल्याच छपराखाली राहणार, रोज डोळ्यांसमोर असणार! माडीवरची पूर्वेची खोली तिने मनातल्या मनात देऊनही टाकली होती.

शेवटच्या भेटीला मार्लो नवा झगा घालून आली. मानेमागे दुकानाचं लेबल लोंबत होतं. व्हर्लीनला राहवेना. तिने जाऊन लेबल आत खोचलं आणि मुकाट्याने स्वयंपाकघर गाठलं. लेटनचा चेहरा पांढराफटक पडला.

"लेबलाला हात लावू नये, असं कुठल्या मंडळाने म्हटलंय?" म्हातारी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी मैदानात सगळ्या मुलींनी एकदम आपापली पाकिटं फोडली, घराचं नाव वाचलं आणि धूम ठोकली. रस्त्यावर नुसता कल्ला. फुगे, गाणी, रडणं, मिठ्या. व्हर्लीन पायरीवर लेमन केक घेऊन उभी होती.

मार्लो दिसली. केस उडवत, हसत, धावत ती फाटकापाशी आली आणि तशीच पुढे निघून समोरच्या, दुसऱ्या सोरोरिटीच्या पिवळ्या घरात शिरली.

"आम्हाला ती हवी होती, मॉम. अगदी मनापासून," लेटन हळूच म्हणाली. व्हर्लीनने केक पायरीवर ठेवून दिला. मौन कालच्यापेक्षा आज जड झालं.

थोड्या वेळाने नात नवा पिवळा सदरा घालून रस्ता ओलांडून आली. "आजी, संपलं की मौन! बोल ना."

"काय बोलू? माझ्या घरात काय कमी होतं गं?"

"काहीच नाही. पण इथे आले असते तर त्या सगळ्यांसारखी मीही तुला मॉम म्हणत रांगेत उभी राहिले असते. मला रांग नकोय, आजी हवीय."

व्हर्लीनचे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून हाक आली, "मॉम व्हर्लीन!"

"थांबा गं जरा," ती मागे न बघता म्हणाली, "माझी नात आलीय."