टाचेचा काटा आणि रहाडीतला हात

टाचेचं हाड वाढलेलं असताना मी रहाडीत उडी मारली. वय वर्षं चोपन्न. डॉक्टरांनी जिना टाळायला सांगितलं होतं. खड्ड्यात उडी मारू नका असं काही ते म्हणाले नव्हते, एवढाच माझा बचाव.

अमानवीय वगैरे मी मानत नाही. या धाग्यावरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी खदाखदा हसलोय... आता तुम्ही हसा.

एक्स-रेमध्ये उजव्या टाचेखाली बाभळीच्या काट्यासारखं टोक दिसत होतं. "हाडाला फुटलेला कोंब समजा," डॉक्टर म्हणाले. "दुखणं कमी होईल, पण हा जात नाही." आणि इकडे लेकीची हळद तीन आठवड्यांवर! तिची एकच अट – "बाबा, तू नाचायचंस. खुर्चीत बसून टाळ्या चालणार नाहीत."

रंगपंचमीला जुन्या नाशकात मी फक्त बघायला गेलो होतो, शपथ. बाहेरगावच्यांसाठी सांगतो – रहाड म्हणजे वर्षभर बुजवून ठेवलेला मोठा हौद. त्या दिवशी उघडतात, कोमट रंग भरतात आणि लोक धपाधप उड्या मारतात. माझा शाळासोबती सुन्या ओरडला, "ए म्हाताऱ्या, मागं सरक, शिंतोडे उडतील!"

झालं. लोक अंग आडवं टाकतात. मी खांबासारखा उभा गेलो.

आत कोणीतरी माझी उजवी टाच धरली. पाच बोटं... स्पष्ट. अंगठा नेमका त्या टोकावर दाबला. दुखलं नाही हो, चक्क गुदगुल्या झाल्या! हसलो, पोटभर रंग प्यायलो आणि वर आलो.

"सुन्या, पाय कोणी धरला रे?"

"कोण धरणार? आत तू एकटाच होतास. आम्ही वर बसून ठरवत होतो, वहिनींना कोण सांगणार!"

शालिमार चौकापर्यंत चालत आलो, तेव्हा लक्षात आलं – मी लंगडत नाहीये.

दुसऱ्या दिवशी नवा एक्स-रे. डॉक्टरांनी नाव तपासलं, डावा-उजवा तपासला, पुन्हा काढायला लावला. टाच गुळगुळीत! "इतकी वर्षं हाडं बघतोय," ते म्हणाले, "कोंब असा गळून पडलेला पहिल्यांदाच पाहिला." कसा गळला, कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा.

हळदीला मी सलग चार गाणी नाचलो. लेक हसून हसून रडत होती. पाचवं सुरू होताच बायकोने बाही धरून बाजूला ओढलं.

"अहो, बसा आता. तुमचा नाच बघून वरपक्षाकडचे विचारतायत, मुलीच्या वडिलांच्या पायाला काय झालंय?"