बोणी होईपर्यंत

केतकीचा फोन आला तेव्हा मी गोत्री भागातल्या माझ्या घरी बाल्कनीत पेपर वाचत बसलो होतो आणि चहा अजून अर्धा उरला होता. "काका, बाबा दुकानात पडले," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, स्टुलावरून पडला असेल. वरच्या फळीवरची लेस काढायला तो या वयातही स्टुलावर चढायचा आणि मी त्यावरून त्याला बोलायचो. म्हणून मी विचारलं, हाड मोडलं का. तेवढ्यात कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि गुजरातीत सांगितलं, की विलासभाई गेले. या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे झाले. ते वाक्य मला तेव्हाच कळलं होतं, पण पटलेलं अजून नाही.

विलास आणि मी जुन्या शहरातल्या घडियाळी पोळीतले, म्हणजे एकाच गल्लीतले, समोरासमोरच्या घरांतले. त्याचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते. फौज गेली, पण रुबाब राहिला. घरात पैसा आला की चार दिवस दिवाळी, आणि संपला की भिंतीवरच्या तलवारीकडे बघत मिशीला पीळ. पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, मग वाण्याची उधारी कितीही चढो. त्या घरातल्या मुलानं मांडवीच्या बाजारात दोरे, बटणं, लेस आणि साडीच्या फॉलचं दुकान टाकायचं म्हटलं, तेव्हा त्याच्या काकांनी जेवणावरून उठून विचारलं, तलवारीचं घराणं आणि आता सुया विकणार का? विलास शांतपणे म्हणाला, "काका, तलवार रोज कोण विकत घेतं?" काका पुढे बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

सुरुवातीला सुयाही कोणी घेत नव्हतं. शेजारी बांगड्यांचं दुकान चालवणारे कांतिकाका त्याला सांगायचे, "घराक आवे के ना आवे, शटर टाइमे खूलवुं जोईए." गिऱ्हाईक ही तुझ्या हातातली गोष्ट नाही, शटर आहे, असं त्यांचं म्हणणं. विलासनं ते असं मनावर घेतलं, की त्याच्या शटरच्या आवाजावर आजूबाजूचे लोक चहा टाकायला लागले. मग एकेक सवय वाढत गेली. संध्याकाळी घरी निघण्याआधी बटणांचा एक खण, एकच, नीट लावून ठेवायचा. सगळं दुकान आवरायला बसलं की कंटाळा येतो, एका खणाला कसला कंटाळा, असं तो म्हणे. गल्ल्यातला पैसा घरी न्यायचा नाही. दुकानानं आपल्याला पगार द्यायचा, नोकराला देतात तसा, आणि त्यातला काही भाग खर्चाच्या आधी बाजूला जायचा. मालक स्वतःच आणि नोकरही स्वतःच, मग वाढ मागायची कुणाकडे, असं मी चिडवायचो. तो म्हणायचा, मागतो की, पण मालक चिकट आहे.

चिकट तो नव्हता. वायफळ खर्चाचा त्याला राग होता, खर्चाचा नाही. केतकी शिकली, घडियाळी पोळीतलं घर नीट दुरुस्त झालं, रुसलेल्या काकांचं शेवटचं आजारपणही त्यानंच निस्तरलं, आणि कुणापुढे हात पसरला नाही. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्याच पगाराच्या दिवशी त्यानं मला धरून पोस्टात नेलं आणि दरमहा पैसे भरायचं खातं उघडायला लावलं. मी कुरकुर केली, तर म्हणाला की तुझ्यावर माझा विश्वास नाही, तुझ्या सवयीवर बसेल हळूहळू. आज मी ज्या बाल्कनीत पेपर वाचतो, ती बाल्कनी त्या कुरकुरीतून आली आहे. हे मी त्याला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण लगेच तो दुसरं खातं उघडायला लावील अशी भीती होती.

तब्येतीचंही तसंच होतं. रोज पहाटे कमाटीबागेत फिरणं, गोड मोजकं, जेवणं वेळेवर. आमच्या वर्गातले पानतंबाखूवाले, फाफडा-जिलेबीवाले सगळे धडधाकट आहेत. मी स्वतः जिना चढताना धापा टाकतो. आणि हा गेला! इतक्या नेमानं वागणाऱ्या माणसाला असं ध्यानीमनी नसताना न्यायचं, मरणाला काही रीतभात हवी की नको? मी सरळ सांगतो, मला दुःखाआधी राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे अजून ठरलेलं नाही.

त्या सकाळी काय झालं ते मला दोघांकडून कळलं, थोडं विलासच्या बायकोकडून, संध्यावहिनींकडून, आणि थोडं मुकेशकडून. मुकेश म्हणजे कांतिकाकांचा मुलगा, आता बांगड्यांचं दुकान तोच चालवतो. दाढी करतानाच विलासचा डावा खांदा भरून आला होता. वहिनी म्हणाल्या, आधी डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, शटर उघडतो, बोणी झाली की तिकडूनच जातो. दिवसाची पहिली विक्री ती बोणी. उघडलेलं दुकान बोणी झाल्याशिवाय बंद करायचं नाही, ही मांडवीतली जुनी रीत आहे. बोणीची नोट तो डोळ्यांना लावायचा आणि मगच गल्ल्यात टाकायचा. त्या दिवशी नेमकं गिऱ्हाईक येईना. मुकेशनं त्याला घाम पुसताना पाहिलं आणि विचारलं, काका, बरं नाही का? तो हसून म्हणाला, जरा बोणी होऊ दे, निघतोच आहे. मुकेश आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्यानं पुन्हा पाहिलं तेव्हा विलास गल्ल्यावर डोकं टेकून बसला होता... बोणी झालीच नव्हती.

स्मशानातून परतताना मुकेश माझा हात सोडेना. "मने कह्युं होत तो हुं ज एक रील लई लेत, काका," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. एक दोऱ्याचं रीळ! मला सांगितलं असतं तर मीच घेतलं असतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्या सवयींनी या माणसाला उभं केलं, त्यातलीच एक त्याला जागेवरून उठू देईना, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

वहिनींनी तेराव्यालाच सांगून टाकलं, दुकान विकायचं. केतकीनं सांगितलं, नाही, मी बसणार. ती एका कंपनीत हिशेबाचं काम करते, ते सोडायला निघाली होती. दोघींच्या मध्ये मला बसवलं. मी काही तरी गुळमुळीत बोललो, की दुकान चालतं आहे, मुलगी हुशार आहे. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या बोणीनं माझा माणूस खाल्ला. आता पोरगी देऊ का तिला?" केतकी रडली, पण तिनं ऐकलं नाही. बापाचा हट्ट पुरता उतरला आहे तिच्यात.

दुकान उघडलं त्या सकाळी मीही गेलो. वहिनी येणार नव्हत्या. आदल्या दिवसापासून त्या लेकीशी बोलल्या नव्हत्या. केतकीनं वेळेवर शटर वर केलं, दिवा लावला आणि बापाच्या जागी बसली. तेवढ्यात गर्दीतून वहिनी आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी गिऱ्हाइकाच्या बाजूला उभ्या राहिल्या नव्हत्या. आज तिथंच उभ्या राहिल्या, पर्स उघडली आणि म्हणाल्या, "काळ्या हुकांची एक पुडी दे."

"आई, घरी आहेत की."

"असू देत. पैसे घे."

केतकीनं पुडी दिली, नोट घेतली, डोळ्यांना लावली आणि तशीच धरून बसली. वहिनी तिला म्हणाल्या, "झाली तुझी बोणी. आता जरा काही दुखलं-खुपलं, तर शटर ओढायचं आणि निघायचं. कुणासाठी थांबायचं नाही." मुकेश आपल्या दुकानात पाठमोरा होऊन बांगड्या पुसत राहिला.

तेव्हापासून वहिनी रोज सकाळी शटर उघडताच येतात, काहीतरी घेतात आणि घरी जातात. कधी हूक, कधी बटणं, कधी हातभर लेस. परवा चहाला गेलो तेव्हा पाहिलं, स्वयंपाकघरातला एक डबा बटणांनी भरत आला आहे आणि शिवायचं तर काहीच नाही. विलास असता तर म्हणाला असता, हा वायफळ खर्च आहे. म्हणू दे.