देवाची रिकामी फेरी

“आधी सांग, चावी कोनाकरं हाय?”

निशिगंधा मढवीच्या तोंडी हे वाक्य सदा असे. आमच्या घणसोली गावातल्या तिच्या दाटीच्या घरात एकुलत्या न्हाणीपुढे भावंडांची भांडणं लागली की ती चुलीजवळूनच हे विचारी. आणि जवळच महाप्याला तिच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात एखादा नवा पोरगा “ताई, प्रोग्रॅम मरतोय” म्हणत आला, तरी हेच.

तिचं काम मी तिच्याकडूनच समजून घेतलं आहे, आणि समजलं तसं सांगतो. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात माल वरच्या फळ्यांवर नेणारी उंच लिफ्ट आहे. तिला चालवणारा मोठा प्रोग्रॅम निशिगंधाच्या ऑफिसने लिहिला. कुठला माल कुठल्या फळीवर जायचा, हे नियम गोदामवाल्यांना स्वतः बदलता यावेत, म्हणून त्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात पायथन नावाची एक सोपी भाषा बसवली. मोठ्या प्रोग्रॅमला हात पुष्कळ, त्यांना थ्रेड म्हणतात, आणि ते सगळे एकाच वेळी राबतात. पण पायथनची खोली एक आणि तिची चावी एक. ज्याच्या हाती चावी, त्यानेच आत जायचं, काम करायचं, बाहेर येऊन चावी पुढच्याला द्यायची. बिनचावीचा कोणी घुसला तर कुठली वस्तू अजून लागते आणि कुठली टाकायची, ही आतली मोजदाद बिघडते. लगेच काही होत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. कधीतरी नंतर दुसराच कोणी वस्तू उचलायला जातो, वस्तू जागेवर नसते, आणि सगळा प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो, म्हणजे बंद पडतो.

गोदामात तेच चाललं होतं. प्रोग्रॅम मरे, लिफ्टला खटकन ब्रेक लागे. मागच्या खेपेला त्या धक्क्याने वरचा खोका घसरला आणि खाली उभ्या हमालाच्या पावलाशेजारी फुटला.

निशिगंधा तिथे पोचली तेव्हा गोदामाचा मॅनेजर कुलदीप राणे बटणांच्या टेबलाशी हाताची घडी घालून उभा होता. टेबलामागे लिफ्ट चालवणारा भैरू, साताऱ्याकडचा, मान खाली घालून.

“मॅडम, दुसरे दोघं पण हीच लिफ्ट चालवतात. त्यांच्या शिफ्टला एकदा पण बंद नाही पडली,” कुलदीप म्हणाला. “ह्याच्याच शिफ्टला पडते. तुमच्या मशीनमध्ये काही असेल तर संध्याकाळपर्यंत दाखवा. नाहीतर उद्यापासून इथं दुसरा माणूस.”

भैरूने ह्याच नोकरीच्या भरवशावर बायकोपोरं गावाहून आणली होती.

सकाळभर लिफ्ट चालली. निशिगंधा लॅपटॉप उघडून शेजारी बसली होती. लिफ्ट वर निघाली की ती मान वर करून बघे, खाली आली की पुन्हा लॅपटॉपकडे. तिला लिफ्ट बंद पडायला हवी होती. ती काही पडली नाही. जेवणाची वेळ झाली तरी नाही.

“बघा,” कुलदीप म्हणाला. “मी डोक्यावर उभा आहे तर कशी गुमान चालते. म्हणजे गडबड माणसातच आहे ना?”

तो जेवायला गेला. निशिगंधा भैरूला घेऊन बाहेर कंटेनरच्या सावलीत आली.

“भैरूदादा, रोज करता आणि आज केलं नाही, असं काय आहे?”

“काय न्हाई, ताई.”

“तुम्ही सांगितलं नाहीत तर मला सापडणार नाही. आणि मला सापडलं नाही तर तुमची नोकरी जाईल.”

भैरूने बुटाच्या टोकाने माती उकरली.

“हसशीला तुमी.”

“हसले तर हसले. सांगा.”

“सकाळची पयली फेरी देवाची असती. रिकामी. लिफ्टच्या पाळण्यावर, माल ठेवत्यात तिथं, झेंडूचं फूल ठेवतो आन् वर सोडतो. पार वर गेली तर वजन न्हाई म्हनून भोंगा वाजतो, सायबाला कळतं. रिकामी फेरी मना हाय. म्हनून अर्ध्यातनंच रद्द करून खाली घेतो. आज सायेब हुबं हुतं, म्हनून न्हाई केली.”

“देवाला लिफ्ट लागते होय?”

“उंचावर असतोय की त्यो, ताई.”

ती हसली, आणि हसता हसताच गप्प झाली. रद्द करायचं बटण दिलेलं होतं, पण निघालेली फेरी कोणी रोज मध्येच रद्द करील, असं महाप्यात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तिथे कोणी करून पाहिलंच नव्हतं.

तिने आत येऊन रद्द करण्याचा भाग उघडला. फेरी रद्द झाली की तिच्यासाठी पायथनकडून घेतलेला नियम टाकून द्यायचा, एवढंच तिथे लिहिलेलं होतं. पण टाकणं म्हणजेही आतल्या मोजदादीत हात घालणं. घेताना चावी मागितली होती. टाकताना मागितलीच नव्हती. तो भाग दुसऱ्या कोणाचा नव्हता, तिने स्वतः लिहिला होता.

“चावी कोनाकरं हाय,” ती पुटपुटली. ह्या वेळी ती कोणाला विचारत नव्हती.

कुलदीप परतला तेव्हा तिने लिफ्टखालची जागा मोकळी करवली, हमालांना भिंतीशी उभं केलं आणि भैरूला म्हणाली, “फूल ठेवा. रोजच्यासारखं करा. मी म्हणेपर्यंत करत राहा.”

लिफ्ट अर्ध्यात जाई, परत येई. पुन्हा जाई, पुन्हा येई. कुलदीप घड्याळाकडे बघू लागला. आणि एकदा वर जाताना ब्रेक खटकन लागला. टेबलावरचा पडदा काळा झाला. पाळण्यावरचं फूल गरगरत खाली, मोकळ्या फरशीवर पडलं.

कुलदीप पुढे येऊन काळ्या पडद्याकडे बघू लागला.

“चूक माझी आहे,” निशिगंधा म्हणाली. “रद्द करायचं बटण मी दिलंय. ते कधीही दाबलं तरी लिफ्ट मरता कामा नये.”

“पण रिकामी फेरी मना आहे, मॅडम.”

“त्याबद्दल ह्यांना ओरडा. खोका ह्यांनी पाडला नाही, मी पाडला.”

“हे तुमच्या ऑफिसला लेखी कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी.”

“माझं नाव नीट लिहा. मढवी. ढ आहे, ध नाही.”

मग नियम टाकण्याआधीही चावी मागायची, एवढा बदल तिने प्रोग्रॅममध्ये केला, आणि भैरूला पुन्हा बसवलं. ऊन दारातून आत सरकत आलं, हमाल कंटाळून खाली बसले, आणि लिफ्ट रिकामीच वर-खाली होत राहिली. अर्ध्यातून परत, अर्ध्यातून परत. पडदा एकदाही काळा झाला नाही.

“उद्या सकाळच्या शिफ्टला ये,” कुलदीप भैरूकडे न बघता म्हणाला. “आणि फूल टेबलावर ठेवत जा. लिफ्टवर नाही.”

निशिगंधाने लॅपटॉप पिशवीत टाकला. ऑफिसात उद्या काय ऐकावं लागेल ते तिला ठाऊक होतं, आणि ते तिने तिथे कोणाला सांगितलं नाही. कंटेनरांच्या रांगांमधून, ट्रकांना वाट देत, ती फाटकाकडे चालत गेली. मागे वळली नाही. भैरू टेबलामागे उभा राहून बघत होता. ती फाटकाबाहेर दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे तो फरशीवरचं फूल उचलायला वाकला.